गुण कशाचा आला, आक्का?

आक्का,

काल तुमचा दहावा झाला. घाटावर माणूस मावत नव्हता. धायरीतली जुनी घरं होती, नव्या सोसायट्यांमधली मंडळी होती, चौकीतले दोन पोलीस साध्या कपड्यांत आले होते. तुम्ही ज्याच्या दुकानापुढे सगळ्या बायका घेऊन ठाण मांडून बसला होतात, तो दारूवालासुद्धा मागे हात बांधून उभा होता. तुमचा फ्लेक्स लागला होता. त्यात तुमचा फोटो एवढासा, आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे केवढे तरी. तुम्ही पाहिला असतात तर म्हणाला असतात, "मेलंय कोण, ते तरी कळू द्या की लोकांना."

तिथून घरी आलो, अंघोळ केली, आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतो आहे. नारायण पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत भांडायला आता दुसरं कुणी नाही. ही गेल्यापासून तुम्हीच होतात. म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही मला शेवटचं जे विचारलंत ते हाताने. जबड्याच्या ऑपरेशननंतर बोलणं गेलंच होतं. मी खुर्ची ओढून कॉटजवळ बसलो. तुम्ही डोळे उघडलेत, पांघरुणावर पालथा पडलेला हात उताणा केलात आणि माझ्याकडे बघत राहिलात. सुरेखाला, तुमच्या थोरल्या सुनेला, वाटलं की पाणी हवंय. मला बरोबर कळलं काय हवंय ते. आपली ओळख झाली त्या दिवसापासून तुम्ही एकच गोष्ट विचारत आला होतात. "सर, गुण आला का?" आणि मी काय म्हणालो, तर "आधी तुम्ही बऱ्या व्हा." तुम्ही तोंड भिंतीकडे केलंत. तुमचा राग मला पाठमोरासुद्धा ओळखता यायचा.

या 'गुण' शब्दाने आपल्याला पहिल्याच दिवशी फसवलं होतं, आठवतं? मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. तुमच्या मंचाला मदत करणाऱ्या एका कंपनीला जाणून घ्यायचं होतं की धायरीत चाललेल्या व्यसनविरोधी कामाचा खरोखर काही उपयोग होतो का. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने माझं नाव सुचवलं आणि मी स्कूटर काढून सिंहगड रस्त्याने तुमच्याकडे आलो. देवळाच्या सभामंडपात सगळे जमले होते. गणेश मंडळांची पोरं, बचत गटाच्या बायका, शाळेचे हेडमास्तर, औषधाच्या दुकानांचे मालक, रिक्षा स्टँडवाले, सोसायट्यांचे चेअरमन. एरवी पार्किंगवरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी ही माणसं तुम्ही एका सतरंजीवर आणून बसवली होतीत. मी म्हटलं, मी तुमच्या कामाचं मूल्यमापन करायला आलोय. तुम्ही पदर सावरून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "म्हंजी गुण द्यायला आलाय. द्या की. किती पैकी देताय?"

सगळे हसले. मी माझ्या पेठी पद्धतीने म्हणालो, "मी परीक्षा घेत नाही, बाई. उपयोग झाला का ते बघतो." तुम्ही लगेच म्हणालात, "मग गुण आला का बघताय, असं सरळ सांगा ना. डाक्टरवाणी." त्या दिवसापासून परिणामकारकता हा माझा लाडका शब्द मी धायरीच्या वेशीबाहेर ठेवून आत यायचो.

तुम्ही हे काम का सुरू केलं होतंत ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि कुणी तोंडावर बोलत नव्हतं. संतोष. तुमचा धाकटा. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, घरात पैसा आला, पोराने टेम्पो घेतला, मार्केट यार्डात माल टाकायला जाऊ लागला. आणि मग आधी दारू, नंतर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, नंतर गोळ्या. तुम्ही त्याला दवाखान्यात ठेवलंत, घरी आणलंत, परत ठेवलंत. गावातलं कुणी म्हणालं की आक्का, स्वतःच्या घरात बघा आधी, तर तुम्ही म्हणायच्या, "घरात बघून बघूनच बाहेर आलेय, बाबा."

मी प्रश्नावली करायला घेतली तेव्हा मी म्हणालो, तुमचं घर वगळू या, लोक उगाच बोलतील. तुम्ही भडकलात. "वगळायचं कशापायी? पहिला त्यालाच धरा. माझ्या पोराला गुण आला तर गावाला आला."

मी म्हटलं, असं शास्त्रात चालत नाही, एका माणसावरून गावाचं ठरत नसतं.

"तुमच्या शास्त्राला पोरं न्हाईत, म्हणून चालत न्हाई," तुम्ही म्हणालात. मलाही मूलबाळ नाही हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा तुम्ही वालाच्या शेंगा घेऊन माझ्याकडे आलात आणि त्याबद्दल एक अक्षर न बोलता त्या निवडत बसलात. मी चहा घेणार का विचारलं, तर म्हणालात, "तुमच्या पेठेत इचारत्यात व्हय? आमच्याकडं देत्यात." मग मीही मुकाट्याने आधण ठेवलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आपलं खरं भांडण झालं ते ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून. मी तुम्हाला किती समजावलं होतं! एखाद्या औषधाचा गुण कळायचा तर ते न घेतलेलाही कुणी तरी पाहावा लागतो. धायरीत मंच आहे, पलीकडे नाही. दोन्हीकडची पोरं दोन वर्षांनी कशी आहेत ते ताडून बघू, फरक दिसला तर म्हणता येईल की हा तुमचा गुण. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "म्हंजी तिकडच्या पोरांनी तोवर पीत ऱ्हायचं? तुमचं गणित जमावं म्हणून?" मी म्हटलं, मी काही त्यांना पाजत नाही, तिथे आजही कुणी काही करतच नाही. तुम्ही बरं म्हणालात. तुमच्या 'बरं'वर विश्वास ठेवणारा मी एकटाच माणूस असेन.

संक्रांत झाली आणि मला बातमी लागली की पलीकडच्या वस्तीत आक्कांनी बायकांची फळी उभी केली आहे. मी तडक आलो. तुम्ही ओट्यावर बसून तांदूळ निवडत होतात. मी ओरडलोच, "अहो, तुम्ही माझी तुलनेची वस्ती नासवलीत!" तुम्ही मान वरसुद्धा केली नाहीत. "हळदीकुंकवाला बोलावलं, गेले. एक बाई रडाया लागली, नवरा पिऊन मारतो म्हणून. आता तिळगूळ घेऊन गप उठून येऊ?" मी कपाळाला हात लावला. तुम्ही सुपातला खडा काढून बाजूला टाकलात आणि म्हणालात, "सर, बसा. रागानं पित्त होतंय." तिथून पुढे माझ्याजवळ ताडून बघायला काही उरलं नाही. आता सांगतो, त्या बाईचं रडणं ऐकून तुम्ही उठून आला असतात तर मला तुमचं तोंड बघावंसं वाटलं नसतं. पण अहवाल तर नासलाच ना, आक्का!

शिवाय तुम्हाला एका वेळी एकच गोष्ट करायची सवयच नव्हती. दारूचं दुकान हलवायला लावलंत, त्याच महिन्यात औषधवाल्यांकडून देवळात बेलभंडारा उचलून घेतलात की चिठ्ठीशिवाय बाटली देणार नाही. शाळेत नाटकं सुरू झाली. चौकीत नवे साहेब आले, त्यांना ओवाळून रात्रीच्या गस्तीला फिरायला लावलंत. त्यातच रस्ता रुंद झाला आणि कोपऱ्यावरच्या टपऱ्या आपोआप गेल्या. पुढे शाळेतली पोरं सांगू लागली की आम्ही असलं काही घेत नाही, तेव्हा तुम्ही उजळ चेहऱ्याने माझ्याकडे आलात. "बघा, आला की गुण!"

मी म्हटलं, "कशाचा? दुकान गेलं त्याचा, साहेबांचा, नाटकाचा, की रस्त्याचा? सगळे उपाय एकदम केले की कशाचा गुण आला ते सांगता येत नाही. आणि विचारायला तुमच्याच बायका पाठवल्यात. आक्कांच्या बाईला कोणतं पोर सांगेल की मी पितो म्हणून?"

"पण आला तर खरं?"

"तेही सांगता येत नाही."

"पंचांगवाला बी एवढं गोल गोल बोलत न्हाई," असं म्हणून तुम्ही निघून गेलात. तुमचा चेहरा उतरला होता. त्या आठवड्यात संतोष पुन्हा पिऊन पडला होता, हे मला मागाहून कळलं. तुम्हाला त्या दिवशी माझ्याकडून एक होकार हवा होता, आणि माझ्याजवळ तेवढाच नव्हता.

आता मशेरीचं बोलतो. बोलायला नको वाटतं, पण तुमच्याशी नाही तर कुणाशी बोलू?

तुमच्याकडे सकाळी आलं की तव्यावर तंबाखू भाजल्याचा खाट नाकात जायचा. तुम्ही डबी घेऊन ओट्यावर, तर्जनी काळी, तोंड भरलेलं. "बसा, तोंड धुते," एवढं कसंबसं म्हणायच्या आणि पुढे पाव तास तोंड काही धुवायच्या नाहीत. शेजारची कमळाबाई, तिची जाऊ, बचत गटातल्या निम्म्या बायका, सगळ्यांची तीच तऱ्हा. प्रश्नावलीत मी तंबाखूखाली मशेरी घातली होती. ते वाचून दाखवलं आणि सभामंडपात हशा पिकला. कमळाबाई म्हणाली, "अवो सर, ती दात घासायची असती!" खरोखरच धायरीत व्यसन म्हणजे पुरुष करतो ते. बाई करते ते तोंड धुणं.

सगळ्या गेल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत. हसू मावळलं होतं. म्हणालात, "त्यो प्रश्न काढा, सर. ह्या बाया हायती म्हणून मंच हाय. त्यास्नीच तुम्ही व्यसनी लिवलं, तर उद्या दुकानापुढं बसाया कोण येईल? मी आन् तुम्ही?" मी वाद घातला. डॉक्टरांचा दाखला दिला. तुम्ही शांतपणे माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवलंत. "आन् ही काय हाय मग?" तपकिरीची डबी. मी म्हणालो, तपकीर व्यसनात येत नाही, तिने नाक मोकळं होतं. "आन् मशेरीनं दात," तुम्ही म्हणालात, आणि आपण दोघंही इतके हसलो की देवळातला पुजारी बाहेर येऊन बघून गेला.

प्रश्न निघाला. तुमचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. बायका तुटल्या असत्या हे शंभर टक्के खरं. बरोबर होतं असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू? गालात आतून फोड आला, तुम्ही लवंग धरत राहिलात, दाढेचं दुखणं म्हणत राहिलात. गावभर पोरांच्या खिशातल्या बाटल्या हुडकणाऱ्या बाईला स्वतःच्या कमरेची डबी दिसली नाही, असं परवा एक शहाणा सोसायटीवाला म्हणाला. मी त्याला सांगितलं, दिसली होती, फक्त कुठल्या रकान्यात घालायची ते कुणालाच उमगलं नाही. त्याला काही कळलं नाही. मला तरी कुठे कळलंय? मी या सगळ्यापुढे हात टेकलेत, आक्का. आणि तपकिरीची डबी अजून खिशात आहे. शिव्या द्यायच्या तर द्या.

आता कालचं सांगतो. खरं तर तेवढंच सांगायला बसलो होतो.

पिंड मांडला. संतोषनेच सगळं केलं. केस उतरवलेले, अंगावर ओला पंचा, हात कापत होते. थंडीने की कशाने, ते मी विचारलं नाही. पिंडाभोवतीची माणसं मागे सरली. कावळे होते. समोरच्या पिंपरणीवर चांगले ओळीने बसले होते, पण खाली उतरायला एकही तयार नाही. ऊन चढत चाललं. लोक घड्याळं बघू लागले. मग कुणी तरी वडीलधारे म्हणाले, आक्काचं मन कशात तरी अडकलंय, बोला काय ते.

फ्लेक्सवरचे एक पुढारी सरसावले. आक्का, उरलेलं दुकानही आम्ही बंद पाडू, म्हणाले. खालच्या फांदीवर आलेला एक कावळा होता तोही उडून पलीकडच्या फांदीवर गेला. माणसं हसू दाबत होती. तुमच्याच दहाव्याला हसू यावं, हे तुम्हाला चाललं असतं.

मग कमळाबाई उठली. कमरेची डबी काढली. ती तुमची डबी होती, तिच्यावरचा पोचा मी ओळखला. चिमूटभर मशेरी काढून तिने पिंडाशेजारी पानावर ठेवली. सुरेखा एकदम पुढे झाली. "आत्ती, ती नका ठेवू, तिनंच नेलं त्यांना!" कमळाबाई रडत म्हणाली, "जित्तेपणी लई आवडायची गं तिला." दोघी एकमेकींना धरून रडू लागल्या. तुमच्या मंचातल्या बायका मागे बसल्या होत्या. त्यांच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं आणि मी मान दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात संतोष पिंडापुढे गुडघ्यावर बसला. "आये, सोडतो मी. तुझ्या गळ्याची आण." तिथल्या प्रत्येकाने हे आधी ऐकलेलं होतं, तुम्ही तर सगळ्यांत जास्त वेळा. आणि त्याच्या पाठोपाठ कमळाबाई माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही बोला. तिनं मरताना तुम्हाला इचारलं व्हतं." त्या उताण्या हाताचं मी तिला एकटीलाच सांगितलं होतं.

मी चपला काढून पुढे झालो. सगळा घाट बघत होता. आयुष्यभर वर्गात सांगत आलो की पुरावा नसेल तर बोलू नये. मी वर्गातल्यासारख्याच मोठ्या आवाजात म्हणालो, "आक्का, गुण आला."

कावळा उतरला. इकडे तिकडे बघत दोन उड्या मारल्या आणि पिंडाला शिवला. लोकांनी हुश्श केलं. हात जोडले गेले. आणि लगेच, आपल्या मंचाच्या बैठकीत व्हायचा तसा, वाद सुरू झाला. कमळाबाई म्हणे, मशेरीनंच आली. वडीलधारे म्हणाले, पोरानं शब्द दिला म्हणून. रिक्षावाल्यांपैकी एक म्हणाला, सरांचं ऐकलं तिनं. तिन्ही उपाय एकापाठोपाठ एक, मध्ये क्षणाचीही उसंत नाही. मला तुमचा सुपातला खडा आठवला आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिथेच आलं.

गर्दी पांगत असताना संतोष माझ्याजवळ आला. डोळे लाल होते. दंड घट्ट धरून हळूच म्हणाला, "सर, तुम्ही खोटं बोलत न्हाई. खरं सांगा. माझ्या बोलण्यानंच शिवला ना?"

आक्का, तुम्ही माझ्यासमोर हात उताणा केला होतात, अगदी तसंच तो बघत होता. तुमचेच डोळे आहेत त्याचे.

मी म्हणालो, "हो, संतोष. तुझ्याच बोलण्यानं."

त्याने खाली वाकून माझ्या पायाला हात लावला आणि भावाच्या मागून चालत गेला. घाटाच्या पायऱ्या चढेपर्यंत तरी सरळ चालत होता. पुढचं दिसलं नाही.

कशाने शिवला ते सांगता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. फक्त त्याला कळू देऊ नका.